हरळी

समुद्राकाठी गोल्फ खेळणं चूक आहे का, हा प्रश्न फलटणच्या माणसाने विचारावा यातच गंमत आहे. आमच्याकडे ना समुद्र, ना गोल्फ. पण पुण्यात आयटीत काही वर्षं काढली की टीममध्ये क्लब घेऊन फिरणारा एखादा निघतोच, आणि गोव्याला जायचं ठरलं की एक्सेल शीट माझ्याकडे येते.

नियोजन तसं सोपं. काणकोणला राजबागच्या किनाऱ्यालगत रिसॉर्टचा 9 होलचा कोर्स आहे. दोनदा फिरलं की 18. चार-साडेचार तास धरायचे. सुरुवात सकाळी लवकर, कारण ऊन वर आलं की समुद्रावरून वारा सुटतो आणि त्याच्याविरुद्ध मारलेला चेंडू अंदाजापेक्षा बराच अलीकडे पडतो. बॅगेत जास्तीत जास्त 14 क्लब. जादा चेंडू घ्यायचेच, पाण्यात जातात.

शीटमध्ये बसत नव्हतं ते गवत. गोल्फसाठी जगभर लावतात ते बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वाही तीच. आमच्या उसात ती खुरपून काढताना बायांची कंबर मोडते, आणि तिकडे तिला पाणी घालून, कातरून जपतात.

पाण्याचा हिशेब मी केला. उष्ण हवेत गवताला रोज 5 मिलिमीटर धरलं तर एकरी 20 हजार लिटर. पावसाळा सोडून आठ महिने दिलं तर 48 लाख. उसाची गरज हंगामाला 1500 ते 2500 मिलिमीटर. मधला आकडा घेतला तर एकरी 80 लाख लिटर. त्यामुळे पाण्यावरून गोल्फवाल्याला शहाणपण शिकवायचा अधिकार फलटणकराला नाही. उसावर लोकांचं पोट चालतं, म्हणाल. कोर्सवरच्या माळ्याचं आणि कॅडीचंही चालतं.

मग माझा आक्षेप नेमका कशाला आहे? ते मला तेरेखोलमुळे कळलं. गोव्याचं हे गाव तेरेखोल नदीच्या उत्तर काठावर, सिंधुदुर्गाला चिकटून आहे. उरलेला गोवा नदीपलीकडे. तिथे गोल्फ रिसॉर्टसाठी गावाची बरीचशी जमीन विकली गेली. ती कसणारे, त्यावर काजू लावणारे लोक म्हणाले, आम्ही कुळं आहोत, आम्हाला कुणी विचारलं? गोव्यात कूळ कायदा 1964 चा, मुंडकार कायदा 1975 चा, म्हणजे हा हक्क काही भावनेच्या भरात काढलेला नव्हता. 2014-15 च्या सुमारास आंदोलन पेटलं, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं.

'कुणी विचारलं?' हा प्रश्न मला फार पटला, आणि लगेच अडचणीचाही झाला. आमच्या उसाला नीरा उजव्या कालव्याचं पाणी. ते येतं भाटघर, वीर या धरणांतून, आणि त्या जलाशयांखाली भोरकडची गावं गेली. त्यांना कोणी विचारलं होतं? कॅनॉलची पाळी आली की आमच्याकडे दारं धरायची घाई असते, तेव्हा भोर कुणाच्या तोंडात नसतं.

तरी दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी मानत नाही. बुडालेल्या गावाचं देणं आमच्यावर आहे, ते फिटायचंय. पण तिथला नकार ऐकायची वेळ टळून गेली. तेरेखोलला लोक झाडं उभी असताना नाही म्हणत होते. त्यांचं ऐकणं शक्य होतं. अशा जागी उद्या हिरवंगार मैदान झालं आणि स्वस्तात टी-टाइम मिळाला, तर तिथे खेळणारा तो नकार दाबायला मदतच करतो. मी एकटा न गेल्याने काही थांबणार नाही, हे खरं. पण 'माझ्या एकट्याने काय होतंय' हे वाक्य कॅनॉलवर मोटार टाकणारा प्रत्येक जण म्हणतो, आणि शेवटच्या चारीला पाणी पोचत नाही.

राजबागचं बुकिंग अजून पक्कं केलेलं नाही. काणकोणचा एक सहकारी आहे, त्याला म्हटलं, कोर्सच्या आधी त्या जागेवर काय होतं ते तुझ्या घरच्यांना विचार. तो म्हणाला, आजोबांना माहीत असेल, रविवारी फोन करतो.