सामायिक नियम बदलण्याचा अधिकार

प्रूफ ऑफ स्टेक पद्धतीच्या ब्लॉकचेनमध्ये व्यवहारांची शहानिशा करणारे व्हॅलिडेटर स्वतःची रक्कम तारण ठेवून काम करतात. इथेरियममध्ये हे तारण किमान ३२ इथर आहे. काम चोख केले तर मोबदला मिळतो, परस्परविरोधी मते दिली तर तारणाला कात्री लागते. अशा नेटवर्कच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आणणे म्हणजे ज्या अटींवर लोकांनी पैसे अडकवले, त्या अटींनाच हात घालणे. म्हणून तिच्या नियोजनात वेळापत्रकाआधी एक नैतिक प्रश्न येतो: हा बदल करण्याचा अधिकार येतो कुठून?

याची दोन उत्तरे प्रत्यक्षात आहेत. टेझॉस या नेटवर्कमध्ये बदलाचा प्रस्ताव साखळीवरच मतदानाला टाकला जातो आणि मंजूर झाला की आपोआप लागू होतो. असा पहिला बदल मे २०१९ मध्ये झाला. इथेरियममध्ये असे मतदान नाही. प्रस्ताव जाहीरपणे मांडले जातात, विकासकांच्या खुल्या बैठकांत त्यांचा कीस काढला जातो, वेगवेगळे गट तेच नियम आपापल्या क्लायंट सॉफ्टवेअरमध्ये उतरवतात आणि बदल लागू होण्याचा क्षण आधी जाहीर होतो. त्यानंतर नवी आवृत्ती बसवायची की नाही, हे प्रत्येक नोडचालक, म्हणजे आपल्या संगणकावर ते सॉफ्टवेअर चालवणारा, स्वतः ठरवतो. बसवणे हीच त्याची संमती.

पण ही संमती कितपत मोकळी असते? नियमांच्या छत्राखाली राहणे म्हणजेच मूक संमती, असे जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडले. डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये त्यावर बोट ठेवले: ज्याला निघून जाणे परवडतच नाही, त्याच्या राहण्याला संमती म्हणता येत नाही. हा आक्षेप इथे तंतोतंत लागू पडतो. आवृत्ती न बसवणारा व्हॅलिडेटर ठरल्या क्षणी जुन्या साखळीवर मागे राहतो. नव्या साखळीच्या लेखी तो गैरहजर असतो आणि त्याचे तारण हळूहळू घटते. नेटवर्कला ब्लॉकवर अंतिम शिक्कामोर्तब करता येईनासे झाले, तर गैरहजरांचे तारण वाढत्या वेगाने झिजते. डिसेंबर २०२० पासून तारण ठेवणाऱ्यांना तर १२ एप्रिल २०२३ च्या अपग्रेडपर्यंत पैसे काढण्याची वाटच नव्हती. ती वाट पुढच्या एखाद्या आवृत्तीत मिळेल, एवढ्या शब्दावर ते थांबले होते. त्यांच्यासाठी ते अपग्रेड म्हणजे दिलेल्या शब्दाची पूर्तता होती.

बहुमताच्या आधाराने हा प्रश्न सुटेल असे वाटते, पण बहुमत म्हणजे सत्य नव्हे. इथेरियमच्या पेक्ट्रा अपग्रेडची चाचणी २४ फेब्रुवारी २०२५ रोजी होलेस्की या टेस्टनेटवर, म्हणजे चाचणीसाठीच्या नेटवर्कवर झाली. गेथ, नेदरमाइंड आणि बेसू या तीन क्लायंटमध्ये त्या टेस्टनेटसाठी डिपॉझिट कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे तारण जमा होते त्या कराराचा, पत्ता चुकीचा नोंदला गेला होता. परिणामी बहुसंख्य व्हॅलिडेटरांनी नियमाप्रमाणे अवैध असलेल्या ब्लॉकला दुजोरा दिला. योग्य साखळीवर परतावे, तर आधीच्या मताशी विसंगत मत दिल्याबद्दल दंडाची भीती होती. सुमारे दोन आठवडे कोणत्याही ब्लॉकवर अंतिम शिक्कामोर्तब झाले नाही. ब्लॉक वैध की अवैध, हे मोजदादीने ठरत नाही, लिखित नियमाने ठरते. मोजदाद फक्त तो नियम कितीजणांना नीट कळला, एवढेच सांगते. म्हणून स्वतंत्रपणे लिहिलेले अनेक क्लायंट असणे आवश्यक ठरते. एकाची चूक दुसऱ्याने पकडावी, ही विवेकाची सोय त्यात आहे.

यातून नियोजनाची कर्तव्ये निघतात. पहिले, पुरेशी पूर्वसूचना: नकार द्यायचा तर समजून देता यावा. दुसरे, ज्यात कोणाचे पैसे बुडणार नाहीत अशा ठिकाणी आधी चाचणी. २०२२ मध्ये मर्जची, म्हणजे इथेरियम प्रूफ ऑफ स्टेकवर आणणाऱ्या बदलाची, चाचणी जूनमध्ये रॉप्स्टेन, जुलैमध्ये सेपोलिया आणि ऑगस्टमध्ये गोर्ली अशी टप्प्याटप्प्याने झाली, मगच १५ सप्टेंबरला मुख्य नेटवर्क प्रूफ ऑफ स्टेकवर आले. तिसरे, शंका राहिली तर तारीख पुढे ढकलण्याची तयारी. होलेस्कीनंतर १७ मार्च २०२५ रोजी हूडी हे नवे टेस्टनेट उभे केले गेले आणि त्यावर तालीम झाल्यावर पेक्ट्रा ७ मे रोजी मुख्य नेटवर्कवर लागू झाले. चौथे, बाहेर पडण्याची वाट खुली ठेवणे.

बदलाचा अधिकार कोड लिहिणाऱ्याच्या कौशल्यातून येत नाही आणि केवळ डोकी मोजूनही येत नाही. ज्यांचे तारण पणाला लागले आहे, त्यांचा नकार जाणता आणि परवडणारा राहील याची जितकी काळजी घेतली जाते, तितकाच तो अधिकार खरा ठरतो.