बाण घडवणारा गुरू आणि दहावीचा नातू



माझा नातू यंदा दहावीला आहे. सहामाहीत गणिताचे मार्क घसरले, तेव्हा घरात सगळ्यांनी मोबाइललाच दोष दिला. मीही चार शब्द सुनावले. तो शांतपणे म्हणाला, "आजोबा, गेल्या सप्ताहात पोथी वाचताना तुम्ही किती वेळा फोन बघितलात?" मी गप्पच झालो. पोथी चौरंगावर होती, पण फोन मांडीजवळ होता, हे खरंच.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने केलेले चोवीस गुरू आपल्याला माहीत आहेत. त्यांत एक बाण घडवणारा कारागीर आहे. राजाची स्वारी वाजतगाजत जवळून गेली, तरी त्याला पत्ता लागला नाही. अभ्यास म्हणजे दुसरं काय? बँकेत आम्ही हाताने खतावणीची बेरीज करायचो. मध्येच कोणी हाक मारली की पुन्हा वरून सुरुवात! युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालातही हेच आहे: एकदा लक्ष उडालं की मुलाला पुन्हा अभ्यासात रमायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. तासात तीनदा फोन वाजला तर उरलं काय?

त्याच चोवीसांत पतंग, हरीण आणि मासाही आहेत. एक ज्योतीला भुलला, दुसरा नादाला, तिसरा आमिषाला. एकेका मोहाने त्यांचा घात झाला. फोनमध्ये उजेड, नाद आणि आमिष तिन्ही एकत्र. एक रील संपते न संपते तोच दुसरी हजर. मग पंधरा वर्षांच्या पोरालाच दोषी कसं धरायचं? बरं, फोन काढूनही घेता येत नाही. करोनापासून शाळेचा गृहपाठसुद्धा ग्रुपवरच येतो.

शेवटी आम्ही ठरवलं, संध्याकाळी सात ते नऊ घरातले सगळे फोन देवघराच्या खणात. माझा सर्वांत आधी. पहिले चार दिवस माझाच हात सारखा खणाकडे जायचा. तेव्हा कळलं, पोराला केवढं अवघड जात असेल.

मार्क किती वाढतील ते परीक्षेत दिसेल. पण दुसऱ्याला संयम शिकवायचा अधिकार वयाने मिळत नाही, तो आधी स्वतः पाळावा लागतो. हे मला शिकवणारा माझा पंचविसावा गुरू घरातच निघाला.