लेखकाचे ऋण

ग्रंथप्रदर्शनात हिंडणारा वाचक आणि तेथेच हिंडणारा होतकरू लेखक यांच्या पाहण्यात मोठा भेद असतो. वाचक मांडलेली पुस्तके पाहतो, तर होतकरू लेखक त्या पुस्तकांमध्ये आपल्या पुस्तकापुरती जागा शोधतो. ही इच्छा निंद्य आहे, असे आम्ही म्हणत नाही. कीर्तीची ओढ मनुष्यस्वभावातच आहे. परंतु लिहिण्याचा अधिकार केवळ त्या ओढीने प्राप्त होतो काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

बेळगाव परिसरातील कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतून मराठी साहित्य संमेलने भरत आली आहेत. सकाळी ग्रंथदिंडी निघते. ग्रंथ पालखीत विराजमान होतो. दुपारी मांडवाशेजारी ग्रंथ सवलतीच्या फलकाखाली विक्रीस मांडलेले दिसतात. अशा ठिकाणी पिशवीत हस्तलिखित घेऊन आलेल्या तरुणाच्या मनाची अवस्था आम्ही जाणतो. पुस्तकांच्या राशी पाहून, 'एवढे लिहिले गेले असता माझी भर कशाला?' असे त्यास वाटते. धीर करून एखाद्या प्रकाशकास विचारावे, तर 'छपाईचा खर्च तुम्ही सोसाल काय?' असा उलट प्रश्न येतो. गाठीची पुंजी आपल्या पुस्तकासाठी राखावी, की तिच्यातून इतरांची पुस्तके विकत घ्यावी, असा पेच त्याच्यापुढे उभा राहतो. हा पेच वरवर पैशाचा असला, तरी मुळात तो नीतीचा आहे.

मे १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यास पहिले ग्रंथकार संमेलन भरले, तेव्हा मराठीत छापील ग्रंथांचे प्रमाण अल्प होते. नवा ग्रंथ झाला, हीच तेव्हा भाषेची सेवा होती. आज तेवढ्यावर भागत नाही. न वाचता लिहिणारा मनुष्य दुसऱ्याने पूर्वीच अधिक चांगले सांगितलेले पुन्हा सांगतो आणि वाचकाचा वेळ व्यर्थ दवडतो.

महाभारताच्या लेखनाची कथा आपल्या घरोघरी परिचित आहे. चिकित्सक आवृत्तीने ती मूळ संहितेत न धरता परिशिष्टात घातली आहे, तरी तिचे मर्म उणे होत नाही. तेथे रचना व्यासांची आणि लेखक प्रत्यक्ष गणपती. लेखक म्हणजे ऐकून लिहून घेणारा. आपली लेखणी थांबता कामा नये, ही गणपतीची अट. अर्थ जाणल्यावाचून अक्षर लिहू नये, ही व्यासांची. आमच्या नवलेखकांस पहिली अट सहज साधते. कस लागतो तो दुसऱ्या अटीचा.

शास्त्रकारांनी मनुष्यावर तीन ऋणे सांगितली. त्यांपैकी ऋषिऋण फिटते ते स्वाध्यायाने. एकनाथ महाराजांनी एकनाथी भागवतासारखा ग्रंथ सिद्ध केल्यानंतर शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. स्वतः एवढे थोर ग्रंथकार असताना दुसऱ्याच्या ग्रंथातील अपपाठ निवडीत बसण्यात त्यांस कमीपणा वाटला नाही. ऋण मानणे याहून निराळे ते काय?

यावर कोणी म्हणेल, सर्व वाचून संपेपर्यंत थांबावे, तर कोणीच लिहिणार नाही. आक्षेप योग्य आहे. ऋषिऋण पूर्णपणे कधीच फिटत नाही, आणि प्रामाणिक लेखन हीदेखील त्याची फेडच आहे. सीमाभागातील एखाद्या शेतकऱ्याच्या मुलापाशी आपल्या आजीच्या तोंडचे शब्द, आपल्या शिवारातील कष्ट, दोन भाषांच्या उंबरठ्यावरचे जिणे असते. ते त्या राशीत कोठेच नसेल, तर त्याने लिहिलेच पाहिजे. प्रसंगी पदरमोड करूनही. देवळाच्या दीपमाळेवर पणती लावणारा तेलाचा हिशेब मागत नाही. मात्र ते कोठेच नाही, हे त्यास वाचल्यावाचून कळणार कसे?

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, होतकरू लेखकाने प्रदर्शनातून निदान दोन पुस्तके विकत घ्यावी आणि ती वाचून होईपर्यंत हस्तलिखित पिशवीतच राहू द्यावे. आपल्या नावास जागा कोठे आहे, हे शोधणे सोपे आहे. काय सांगावयाचे राहून गेले आहे, हे शोधण्यास आयुष्यही पुरत नाही. परंतु लेखकाचा धर्म तोच आहे.