ठेका बंद करून ऐक

रेवदंडा, जि. रायगड

चि. भाच्यास,

हळदीच्या सुपाऱ्या यायला लागल्या, घरचा कॅसिओ आता पुरत नाही, तर अरेंजर घेऊ की सिंथेसायझर, आवाज कुणाचा चांगला, असं तू विचारलंस. दुकानात बहुतेक तुला अरेंजरच आधी वाजवून दाखवतील. डाव्या हाताने एक कॉर्ड धरली की ड्रम, बेस, गिटार सगळं आपोआप सुरू होतं, बटण दाबलं की फिल-इन येतो, शेवटाला एंडिंग. ऐकणारा भारावून जातो. पण तो भरलेपणा साथीचा असतो, सुराचा नव्हे.

म्हणून आधी स्टाइल, म्हणजे ही आपोआप वाजणारी साथ, बंद कर. रिव्हर्ब, कोरस शून्यावर आण. अरेंजरला बहुधा स्वतःचे स्पीकर असतात, सिंथला बहुधा नसतात, तेव्हा दोन्हींना एकच हेडफोन लाव आणि बासरीचा एकच सूर धर. पट्टी हळू दाबल्यावर आवाज नुसता बारीक होतो, की फुंकर हलकी झाल्यासारखा त्याचा पोतही बदलतो? सूर लांबवल्यावर रेकॉर्ड केलेल्या नमुन्याचा तोच तुकडा फिरून येतो, तो सांधा कानाला टोचतो का? मग पिच बेंडने मध्यमावरून पंचमावर मींड घे. यात जो टिकला त्याचा आवाज चांगला. एकाच कंपनीच्या अरेंजरमध्ये आणि सिंथमध्ये कित्येकदा मूळ नमुने सारखेच असतात, आणि महागडा अरेंजर स्वस्त सिंथला सहज मागे टाकतो. त्यामुळे ‘अरेंजरचा आवाज खेळण्यासारखा’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस.

खरा फरक आवाज घडवण्यात आहे. आपल्याकडच्या बेंजोचंच बघ. १९१२ साली जपानमध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी ताईशोगोतो बनवलं, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवून. तेच आपल्या देशात बुलबुलतरंग झालं आणि आपल्या किनाऱ्यावर बेंजो म्हणून हळदीत, मिरवणुकीत रुळलं. आता तो आवाज सिंथवर काढून बघ. दोन सॉ-टूथ ऑसिलेटर घे आणि एक किंचित बेसूर कर, कारण बेंजोत एका सुराला जोडीच्या तारा असतात आणि त्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. अटॅक शून्य, डिके आखूड, फिल्टर आधी उघडा आणि लगेच मिटणारा. पहिल्या झटक्यात बेंजो येणार नाही, पण घडत घडत जो येईल तो तुझा असेल, दुसऱ्या कुणाच्या मांडवात ऐकू येणार नाही. बहुतेक अरेंजरमध्ये इतक्या खोलवर हात घालता येत नाही.

यंत्रातून स्वतःचं काही घडवण्यावरून मुंबईचे चरणजित सिंग आठवतात; ते हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवायचे. त्यांनी १९८२ साली रोलँडची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रं घेऊन दहा रागांची तबकडी केली. त्यातला ३०३ मुळात एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेला, म्हणजे अरेंजरच्याच कुळातला! सिंग यांनी तो साथीपुरता न ठेवता रागाच्या कामाला लावला. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. खूप वर्षांनी जगाने ती तबकडी पुन्हा शोधून काढली आणि थक्क होऊन ऐकली.

आता तुझ्या कामाचं. नागाव-काशीदच्या रिसॉर्टवर एक गायक आणि तू, एवढेच असाल तर डोळे मिटून अरेंजर घे. यामाहाच्या पीएसआर-आय ५०० सारख्यात भारतीय ठेकेही आहेत. पण तुझ्या पार्टीत ढोलकी आहे, ऑक्टोपॅड आहे. आपल्या कितीतरी कोळीगीतांचा सहा मात्रांचा ठेका नवरदेवाभोवती बाया नाचायला लागल्या की आपसूक चढतो, दमल्या की जरा सैलावतो. ढोलकीवाला त्यांच्या पायांकडे बघून वाजवतो. स्टाइल लावलीस तर त्याला यंत्राच्या मागे फरफटत जावं लागेल. त्याचं पोट आणि तुमच्या पार्टीची रंगत, दोन्ही त्याच्या हातात आहेत. म्हणून तू सिंथच घ्यावास असं मला मनापासून वाटतं. रोलँडच्या एक्सपीएस-१० मध्ये भारतीय वाद्यांचे टोन आहेत आणि स्वतः रेकॉर्ड केलेला नमुनाही पेनड्राइव्हवरून आत घेता येतो. गावातल्या जुन्या बेंजोवाल्याकडे जा, एकेक सूर रेकॉर्ड कर आणि सिंथमध्ये भर.

अजून एक. मांडवातला साउंडवाला बहुतेक वेळा एकच वायर देतो, म्हणजे मोनो. हेडफोनमध्ये भव्य वाटणारा स्टीरिओ पियानो तिथे पोकळ होतो, कारण दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र आले की काही भाग एकमेकांना मारतात. तिथे लेफ्ट/मोनो लिहिलेल्या जॅकमधूनच वायर काढावी लागते, म्हणून दुकानातही एकदा तसंच वाजवून ऐक. जनरेटरची घरघर आत येऊ नये म्हणून स्वतःचा डीआय बॉक्स बाळग. आपली खारी, दमट हवा जॅक आणि पट्ट्यांखालचे काँटॅक्ट खाते. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पूस, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा तरी वाद्य चालू कर.

मांडव्याहून लाँचने गेटवेला उतर आणि धोबीतलावच्या फुर्टाडोजमध्ये जा. शनिवार-रविवार टाळ, नाहीतर गर्दीत एक सूर धड ऐकू येणार नाही. ढोलकीवाल्याला बरोबर ने, त्याचंही भाडं तूच दे. कुठला आवाज त्याच्या चाटीवर चढून बसतो आणि कुठला तिला जागा देतो, हे तुझ्याआधी त्याला कळेल.

तुझा,
मामा