या वाटेनं जाणारच असशील, तर…

चि. सोनूस,


तुझ्या आईचा फोन येऊन गेला. पोरगी ब्रिस्टलला जाऊन चेटकीण झाली, असं तिचं म्हणणं. तुझं पत्र आधीच वाचलेलं असल्यामुळे मी शांत राहिले. देव मानत नाही, पण जुन्या झाडापाशी गेलं की हात आपोआप जोडले जातात, आणि तिथल्या निसर्गपूजक पेगन मंडळींत हे सांगायला लाज वाटत नाही, असं तू लिहिलंस. जोड की हात! माझी काही ना नाही. पण जाणारच असशील तर थोडं ऐकून जा.

‘हजारो वर्षांची अखंड परंपरा’ हे तुझ्या पत्रातलं वाक्य आधी खोडून टाक. मार्गारेट मरे यांनी 1921 मध्ये असा सिद्धान्त मांडला होता, की युरोपात ज्यांना चेटकिणी म्हणून मारलं ते एका प्राचीन धर्माचे उपासक होते. इतिहासकारांनी तो कधीच मोडीत काढलाय. आज ज्याला विक्का म्हणतात तो पेगन पंथ जेराल्ड गार्डनर यांनी लोकांपुढे आणला. मलायात कस्टम्सची नोकरी करून निवृत्त झालेला हा गृहस्थ. ब्रिटनमधला जादूटोण्याचा जुना कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि 1954 मध्ये याचं पुस्तक आलं. विक्कातल्या विधींना रूप आलं ते बरंचसं डोरीन व्हॅलिएन्टे या बाईंच्या लेखणीतून. ड्रुइडांचं, म्हणजे तिथल्या प्राचीन पुरोहितांचं, म्हणशील तर इओलो मॉर्गनुग या वेल्श पाथरवटानं 1792 मध्ये लंडनच्या प्रिमरोझ हिलवर भरवलेला सोहळा बव्हंशी त्याच्याच डोक्यातून निघालेला. स्टोनहेंजचे मोठे दगड उभे राहिले ते ड्रुइडांचा पहिला उल्लेख सापडतो त्याच्या दोनेक हजार वर्षं आधी. विक्काचं तपशिलात वाचायचं तर रोनाल्ड हटन यांचं ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ वाच. तुझ्याच ब्रिस्टलच्या विद्यापीठातले प्राध्यापक. टिंगल न करता खरं काय ते सांगणारा माणूस.

नवं आहे म्हणून खोटं आहे, असं मी म्हणत नाही. कुणीतरी कधीतरी सुरू केल्याशिवाय कुठलंच व्रत आलेलं नाही. मात्र पूर्वजांच्या नावाची खोटी सनद लागते तिथे पुढे आणखी बरंच खोटं खपतं, एवढं ध्यानात ठेव.

आता नातेवाईक तुला सांगतील, ‘हे सगळं आपल्याकडे आहेच, वटपौर्णिमा कर म्हणजे झालं.’ त्यांचंही ऐकू नकोस. पेगन मंडळींच्या आठ सणांचं चक्र तिथल्या आकाशाचं आहे. ब्रिस्टलला डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो आणि जूनमध्ये साडेसोळा तासांचा होतो. तिथे सूर्य परत फिरला याचा उत्सव अंगातून येतो. रत्नागिरीत हा फरक जेमतेम दोन तासांचा. आपण डोळे लावून बसतो ते पावसाकडे. फेब्रुवारीच्या सुरुवातीचा इम्बोल्क मेंढ्या विण्याच्या दिवसांशी जोडलेला आहे. तेव्हा तो साजरा करायचा असेल तर मेणबत्तीआधी एखाद्या मेंढपाळाची ओळख काढ.

आपल्याकडचं काही न्यायचंच असेल तर देवराईचा दंडक ने. तिथे सुकून पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही, फांदी तोडायची तर देवाचा कौल घ्यायचा, आणि हे पाळायचं ते साऱ्या गावानं. कुणाला तिथे गेल्यावर काय वाटतं, हे कुणी विचारत नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तकांनी सत्तरच्या दशकात या राया अभ्यासल्या, तेव्हा दिसलं की आसपासचं रान गेलं तरी इथली जुनी झाडं टिकली होती. त्याला कारण भक्तीइतकंच भय. (आणि हल्ली त्याच देवासाठी सिमेंटचं देऊळ बांधायचं म्हणून राई तोडतात. तेव्हा फार हळवीही होऊ नकोस.) तुझ्या वाटेत मला उणीव दिसते ती इथेच. मन हलकं झालं, निसर्गाशी एकरूप झाले, हे सगळं स्वतःपाशीच फिरतं. झाडाला त्याचं काय?

उलट त्रासच होतो. कॉर्नवॉलमधल्या मॅड्रनच्या झऱ्यापाशी नवसाच्या चिंध्या बांधायची जुनी चाल आहे. पूर्वीचं कापड कुजून जायचं, आताच्या नायलॉनच्या फिती फांद्यांना आवळतात आणि तिथल्या स्वयंसेवकांना त्या काढत बसावं लागतं. तू मागवलेली पांढऱ्या सेजची जुडी ही कॅलिफोर्नियातल्या आदिवासींची पवित्र वनस्पती. बाजारासाठी ती रानातून चोरून उपटली जाते. घरात धूर हवाच असेल तर आईनं दिलेला धूप संपव.

संगतीबद्दलही सांगते. दीक्षेचे पैसे मागणारा गुरू दिसला की उठून यायचं. गार्डनेरियन परंपरेत शिकवण्याचे पैसे घेत नाहीत. दीक्षेपूर्वी वर्ष आणि एक दिवस थांबायची तिकडे चाल आहे, ती तुझ्या सोयीची आहे, घाई करणाऱ्याला तीच दाखव. उत्तर युरोपातल्या देवांना भजणाऱ्या हीदन लोकांत काही गट गोऱ्या रक्ताची भाषा बोलतात. त्यांच्याशी आमचा संबंध नाही, असं 2016 मध्ये अनेक हीदन संस्थांना उघड जाहीर करावं लागलं. तुझ्या रंगाच्या मुलीनं कुठल्याही मंडळात जाण्याआधी हे विचारून घ्यावं, संकोच न करता. आणि इथे आलीस की ‘मी विच आहे’ असं हसत सांगत फिरू नकोस. सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांना आजही मारहाण होते.

मग करायचं काय? मूर्ती, पत्ते, स्फटिक यांची खरेदी थांबव आणि एक जागा धर. तुझ्या घराजवळची एव्हन नदीची घळ मला फार दिवस खुणावते आहे. ब्रिस्टल व्हाइटबीम नावाचं झाड जगात फक्त तिथे उगवतं, सोनू, आणि तू पाहायला जातेस स्टोनहेंज! बाहेरून आलेले होम ओक आणि कोटोनिॲस्टर तिथल्या मूळच्या झाडोऱ्याला दडपतात. झुडपं खायला 2011 मध्ये शेळ्या सोडल्या, त्याही मूळच्या काश्मिरी वंशाच्या, म्हणजे तुझ्या पाहुण्याच. माणसांचेही हात लागतात. थंडीत कोयता घेऊन जाणारी मंडळी शोध, त्यांच्यात नाव घाल, आणि सण आला तरी न आला तरी जात राहा. हात जोडायचे ते काम झाल्यावर जोड.

आईला मी समजावते, पण दर रविवारी फोन तूच करायचा. व्हाइटबीमची पानं फुटली की खालच्या बाजूचा फोटो पाठव. करड्या लवेची असते म्हणतात. पान तोडायचं नाही.

तुझी,
मावशी