स्वस्त विद्येचा भार

विद्या विकावी की दान करावी, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. विद्येला खर्च किती येतो आणि तो कोण सोसतो, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. विद्यादान हा शब्द उच्चारला की पैशाची गोष्ट काढणे अप्रशस्त वाटू लागते. परंतु दान करणाऱ्याच्या घरीही चूल असते आणि शाळेच्या छपरालाही कौले लागतात. म्हणून एखादे विद्यापीठ खर्चाला कात्री लावून शिक्षण स्वस्त करू लागले, तर त्याच्या सद्हेतूचे स्वागत करून आपण पुढला प्रश्न विचारला पाहिजे : विद्यार्थ्याच्या शिरावरून उतरलेला भार कोणाच्या शिरी गेला?

अमेरिकेतील इंडियाना राज्यात पर्ड्यू नावाचे विद्यापीठ आहे. ते १८६९ साली स्थापन झाले. २०१३ च्या आरंभी त्या राज्याचे माजी गव्हर्नर मिच डॅनिअल्स हे त्याचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी विद्यार्थ्यांचे शुल्क २०१२-१३ सालच्या पातळीवर गोठविले. राज्यातील विद्यार्थ्यास वर्षाला ९,९९२ डॉलर, हा आकडा २०२२ अखेर ते पायउतार होईपर्यंत हलला नाही. त्यांच्यामागून आलेल्यांनीही तेच धोरण पुढे चालविले. या अवधीत बाजारातील सर्व वस्तू महागल्या. तेव्हा न वाढलेले शुल्क हे वस्तुतः दरसाल घटलेले शुल्कच होय. ज्या देशात शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा बोजा १.६ लाख कोटी डॉलरांच्या घरात गेला आहे, तेथे या गोष्टीचे मोल केवढे, हे सांगावयास नको.

या प्रयोगाचे मर्म त्याच्या आकड्यांत नसून उलट्या हिशोबात आहे. आधी खर्च ठरवावा आणि मग तो भरून निघेल इतके शुल्क आकारावे, ही विद्यापीठांची नित्याची रीत. पर्ड्यूने आधी शुल्क ठरविले आणि खर्चास त्या मापात बसावयास लावले. हॉवर्ड बोवेन या अर्थशास्त्रज्ञाने १९८० साली असे दाखवून दिले होते की, विद्यापीठे मिळेल तितके द्रव्य मिळवितात आणि मिळविलेले सर्व खर्चून टाकतात. चांगल्या कामाला अंत नसल्यामुळे त्यांच्या खर्चालाही अंत नसतो. अशा संस्थेस बाहेरून बांध घालावाच लागतो. कचेऱ्यांचा थाट, एकाच कामासाठी नेमलेली दोन-दोन खाती, इमारतींची निष्कारण सजावट, यांवर कात्री चालली तर कोणाचेही अश्रू वाहण्याचे कारण नाही.

परंतु एवढ्याने प्रश्न सुटत नाही. त्याच दहा वर्षांत पर्ड्यूची विद्यार्थिसंख्या चाळीस हजारांच्या आतून पन्नास हजारांच्या वर गेली, आणि परराज्यातून येणारा विद्यार्थी तेथे जवळजवळ तिप्पट शुल्क भरतो. म्हणजे ही स्वस्ताई केवळ काटकसरीची करणी नव्हे. तिचा काही भार वाढलेल्या पटाने आणि परक्या मुलखातील पालकांनी उचलला. हे दूषण म्हणून सांगत नाही. काटकसरीच्या अंगी मुळातच काही मर्यादा आहे, एवढेच यावरून दिसते.

ती मर्यादा कोणती? विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली संगीताच्या व रंगभूमीच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. त्यातील मुख्य विचार सोपा आहे : कापड विणावयास पूर्वी लागे त्याच्या अल्पांशाने वेळ आज लागतो, पण चार वादकांनी मिळून वाजवावयाच्या रचनेस पूर्वीइतकेच वादक आणि तितकाच वेळ लागतो. विलंबित ख्याल द्रुत लयीत उरकला तर वेळ वाचतो, पण ख्याल उरत नाही. अध्यापनाचे असेच आहे. विद्यार्थ्याची वही तपासण्यास, त्याची शंका ऐकून घेण्यास आणि त्याची चूक त्याच्याच तोंडून वदवून घेण्यास जो वेळ लागतो, त्याला कात्री लागली की काटकसर संपली आणि मापातले पाप सुरू झाले. विद्यार्थी कमी देतो खरा. पण त्याला मिळतेही कमीच.

यावर कोणी म्हणेल की, आपल्याकडे तर अल्प द्रव्यात उत्तम शिक्षण देणारे थोर पुरुष होऊन गेले. हे सर्वस्वी खरे आहे. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाले, ते आजीव सभासदांच्या त्यागावर. दरमहा ७५ रुपयांत वीस वर्षे शिकविण्याचे व्रत गोखल्यांसारख्यांनी समजून-उमजून घेतले. परंतु त्या व्रतस्थांतही वेतनवाढ करावी की नाही, बाहेरून मिळकत करावी की नाही, यांवरून तीव्र मतभेद झाले आणि १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले. स्वतः होऊन पत्करलेला त्यागही निभावणे किती अवघड असते, याची ही साक्ष आहे. शिवाय व्रत घेणाराने सही केली तरी त्याच्या बायकामुलांनी ती केलेली नसते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि बहुजनांच्या मुलांना ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग दाखविला. वसतिगृहातील पोरांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रदेखील, दिले. कोणत्याही जमाखर्चात हे सदर मांडता येत नाही. आणि तरीही त्या मुलांचे शिक्षण ‘स्वस्त’ झाले ते यामुळेच.

त्याग आणि पिळवणूक यांचे हिशोबातील आकडे एकच असू शकतात; भेद असतो तो संमतीचा. आज महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर नेमलेले अध्यापक शिकवीत आहेत. पदव्यांत ते कोणाला उणे नाहीत; पण जितके तास तितका मोबदला, आणि सुट्टी लागली की चूल थंड. अमेरिकेतही अशा तात्पुरत्या अध्यापकांची संख्या थोडी नाही. त्यांच्याकडून जे घेतले जाते, त्याला त्याग म्हणणे ही भाषेची विटंबना आहे. देण्यास नकार देण्याची सोय ज्याला नाही, तो दाता नव्हे.

याच्या उलट बाजूलाही एक कठोर सत्य उभे आहे. खर्च कमी केला नाही तर गरिबाचा मुलगा दाराबाहेर राहतो. आणि दोघांचे शुल्क भरणे ज्या घराला झेपत नाही, तेथे बहुधा मुलीचेच शिक्षण थांबते. अशा घरापुढे अध्यापनाच्या प्रतिष्ठेचे प्रवचन करणे निर्दयपणाचे ठरेल. त्या मुलीचा हक्क अध्यापकाच्या हक्काहून तिळमात्र कमी नाही. एकीचे दार उघडण्यासाठी दुसऱ्याची चूल विझवावी लागते, असे जे आपल्याला वारंवार सांगण्यात येते, तेच आधी तपासून पाहिले पाहिजे. ते पुष्कळदा खरे नसते. कारण कात्री प्रथम कोठे चालवावी हे ठरविणारे स्वतःच्या खात्यापासून क्वचितच आरंभ करतात. आणि जेथे ते खरे असते, तेथे उरलेला भार समाजाने कररूपाने व देणगीरूपाने उचलावा. तो परस्पर सर्वांत दुबळ्याच्या खांद्यावर सरकवू नये.

शुल्क उतरल्याची वार्ता कानी आली की पालकांना आनंद व्हावा, हे स्वाभाविक आहे. पण आपल्या मुलाला शिकविणाऱ्यास वर्षाचे किती महिने वेतन मिळते आणि त्याच्या वर्गात किती मुले बसतात, या दोन गोष्टी प्रवेशाच्या वेळी विचारण्याची चाल पालकांनी पाडली, तर विद्यापीठांना आपली काटकसर कोठून करावी याचा पुन्हा विचार करावा लागेल. पालक विचारीत नाहीत, म्हणूनच आज हा आकडा सहसा माहितीपत्रकात छापला जात नाही.