घास कोणासाठी?

शिबी राजाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. ससाण्याच्या भीतीने कबुतर राजाच्या आश्रयाला येते, राजा त्याला अभय देतो आणि कबुतराच्या भारंभार स्वतःचे मांस कापून ससाण्याला देतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात ही कथा रंगवलेली आहे. सांगणाऱ्याचा सगळा भर राजाच्या करुणेवर असतो. महाभारताच्या वनपर्वात हीच कथा शिबीचा पिता उशीनर याच्या नावावरही येते. तेथे ससाणा जो वाद घालतो, तिकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. तो म्हणतो, माझे अन्न हिरावून घेऊन तू कसला धर्म पाळतोस? मी मेलो तर माझी पिलेही मरतील. एकाला वाचवून तू अनेकांना मारतोस. राजाला हा युक्तिवाद खोडून काढता येत नाही, म्हणून तो किंमत मोजतो. खाणाऱ्याचाही काही हक्क असतो, हे आपल्या पूर्वजांनी इतक्या स्पष्टपणे मांडून ठेवले आहे.

हा प्रश्न मला आज पुराणात नव्हे, तर पेडण्याच्या किनाऱ्यावर भेटतो. तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मुखांशी ब्राह्मणी घारी नेहमीच्या. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुडही तेथे दिसतो. आमच्या कोकणात त्याला काकण म्हणतात. मासे आणि समुद्रसाप हे त्याचे अन्न. दिवाळीच्या सुमारास त्याची उंच झाडावरची जुनी घरटी डागडुजीला निघतात आणि नेमक्या त्याच वेळी लांब नळकांड्यांचे कॅमेरे घेतलेली मंडळी किनाऱ्यावर उतरतात. पूर्वी रोलमध्ये छत्तीस फोटो असत, त्यामुळे माणूस बोट दाबण्यापूर्वी विचार करी. आता एका सेकंदात वीस फोटो निघतात आणि विचार करायला तेवढा वेळ उरत नाही.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी छायाचित्रांच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून मला बोलावले होते. एका चित्रापुढे आम्ही तिघेही परीक्षक थबकलो. खाडीच्या पाण्यावर झेपावलेला काकण, पायांत मासा, पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उडालेले. पहिले बक्षीस ठरल्यासारखेच होते. पण मासे खाणाऱ्या माणसाची नजर आधी माशाकडे जाते. तो मासा रोहू होता. गोड्या पाण्यातला, तळ्यांत वाढवून बर्फातून बाजारात येणारा रोहू खाऱ्या खाडीत पोहत असेल कसा? चौकशी केली तेव्हा चित्रकर्त्याने मोकळेपणाने सांगितले की मासा होडीतून टाकला होता. त्यात लपवण्यासारखे काही आहे, असे त्याला वाटतच नव्हते.

आमच्यातले एक परीक्षक, निवृत्त चित्रकला शिक्षक, म्हणाले, "पक्षी खरा, झेप खरी, भूकही खरी. मग खोटे ते काय?" प्रश्न बिनतोड होता. मलाही त्या वेळी इतकेच सांगता आले की चित्राखाली जे लिहिले आहे ते खोटे आहे. तेथे 'काकणाची शिकार' असे लिहिलेले होते. शेवटी ते चित्र बक्षिसातून वगळले गेले. मात्र शिक्षकांचा प्रश्न माझ्यामागे लागला, तो लागलाच.

होडीवाल्याची बाजूही मी ऐकली आहे. एकाने कोंबडीच्या आतड्यांची पिशवी दाखवत मला सांगितले, "सायबा, गिरायकाक घार दिसली ना जाल्यार तो फुडल्या पावटी येना." २०१२ साली गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्टे रद्द केले. त्यानंतर डिचोलीच्या बाजूला किती घरांचे उत्पन्न बुडाले, हे पाहिलेल्या माणसाला होडीवाल्यावर सरसकट दोष ठेवणे जड जाते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणेही धरले आहे. तरी कायद्याचे कलम पुढे करून हा विषय मिटत नाही.

शिवाय पक्ष्यांना खाऊ घालणे हे सर्वत्र वाईटच, असे कसे म्हणावे? जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे देशातली गिधाडे संपत आली आणि २००६ मध्ये त्या औषधावर बंदी आली. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गिधाडांसाठी मेलेली जनावरे पुरवली. मोरजी-केरीच्या किनाऱ्यावर रापण ओढली की घारी जमतात आणि सुटलेली मासळी उचलतात. तेथेही अन्न माणसाच्याच हातून जाते. मग फरक कोठे?

पुष्कळ विचारांती मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे. कॅमेरा बाजूला काढला, तर हा घास पडला असता का? रापण कॅमेऱ्यासाठी ओढली जात नाही. चिरगावचे जनावर गिधाडाच्या पोटासाठीच पडते. होडीतला रोहू मात्र कॅमेऱ्यासाठी पडतो, पक्षी केवळ निमित्त. भिगवणला कुरव पक्ष्यांना शेव-गाठ्या टाकणारे लोक भूतदयेचे नाव घेतात. पण हातातला मोबाईल काढून घेतला, तर त्यांच्यातले किती जण शेव विकत घेतील?

आता कोणी म्हणेल, आम्ही काहीच टाकत नाही, नुसते जवळ जातो. येथे मला पुन्हा ससाणा आठवतो. माणूस फार जवळ आला की पक्षी धरलेले भक्ष्य टाकून उडतो. घरट्यात पिले असतील, तर त्यांचा घास चुकतो. राजाने हिरावलेल्या घासाची भरपाई स्वतःच्या अंगातून केली. आपण बाजारातला रोहू टाकतो किंवा तेवढेही न देता निघून जातो. त्या दानात आपले स्वतःचे असे काय असते?

माझ्या मते आपल्याकडे देण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे वेळ. मये तळ्याच्या वाटेवर एक सर्पगरुड शेताच्या मेरेवर साप घेऊन बसलेला मी दुरून तासभर पाहिला आहे. फोटोत तो अंगठ्याच्या नखाएवढा आला. साप ओळखूही येत नाही. ते चित्र कोणत्याही प्रदर्शनात लागणार नाही. पण त्याने साप पूर्ण खाल्ला, चोच पुसली आणि मगच तो उडाला.

प्रदर्शने भरवणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की प्रत्येक चित्राखाली कॅमेऱ्याचे आकडे लिहितात, तशी आणखी एक ओळ लिहायला लावावी: हा घास कोणी दिला. बक्षीस कोणाला द्यायचे ते मग खुशाल ठरवावे.